मोजलेले अरण्य



1856 साली भारतीय सर्वेक्षण विभागाने हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची जाहीर केली. त्यानंतर दोनच वर्षांनी स्पीक हा इंग्रज प्रवासी आफ्रिकेत नाईलच्या उगमाशी असलेल्या सरोवरापर्यंत पोहोचला. आणि ज्या हडसन नदीच्या मुखाशी न्यूयॉर्क शहर आहे, जिच्या काठावर अल्बनी ही त्या राज्याची राजधानी आहे, त्या नदीचे सर्वांत उंचावरचे उगमस्थान नकाशावर आले ते 1872 साली. तेव्हा न्यूयॉर्क शहराची वस्ती नऊ लाखांवर गेली होती, ईरी कालवा खोदून जवळजवळ अर्धशतक लोटले होते आणि रेल्वे देश ओलांडून पश्चिम किनाऱ्याला टेकली होती. दूरदेशीची शिखरे आणि सरोवरे मोजून झाली, मग घरच्या नदीचा उगम कसा राहून गेला? आजच्या व्याख्यानाचा विषय या प्रश्नातून सुरू होतो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला असलेला ॲडिरॉन्डॅक हा डोंगराळ अरण्यप्रदेश सव्वाशे-दीडशे वर्षांच्या नकाशांवर कसकसा दिसत गेला, ते मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी प्रदेशाची ओळख करून घेऊ. तिथले सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी. त्याची उंची 5344 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पन्नास-पंचावन्न फुटांनी कमी. तेव्हा हिमालयासारख्या दुर्गम उंचीचा प्रश्न तिथे नाही. आज या प्रदेशाभोवती जी अधिकृत सीमा आहे तिच्या आत सुमारे 60 लाख एकर जमीन येते. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडीशीच कमी. खडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा, पण डोंगराचा घुमट त्या मानाने अलीकडे वर उचलला गेलेला. हिमयुगातल्या बर्फाने तो खरवडला आणि मागे हजारो तळी, दलदली आणि एकमेकांत गुंतलेले ओढे ठेवले. उन्हाळ्याच्या तोंडी चावऱ्या काळ्या माशांचे थवे आणि वर्षातले पाच-सहा महिने बर्फ. अशा मुलखात शेतीसाठी कोणी धावून गेले नाही, यात नवल नाही.

म्हणूनच आपल्या प्रश्नाचे सरधोपट उत्तर असे दिले जाते की प्रदेश अवघड होता, निर्जन होता, म्हणून नकाशावर कोरा राहिला. पुढे लोकांना निसर्गाचे महत्त्व कळले तेव्हा हा कोरा भाग नशिबाने शिल्लक होता आणि तो जपला गेला. या उत्तरात तथ्यांश आहे, पण क्रम उलटा लावलेला आहे असे माझे म्हणणे आहे. ॲडिरॉन्डॅक कोरा होता तोवर त्याला संरक्षण मिळाले नाही. उलट कोरेपणामुळेच तो विकला गेला, तोडला गेला आणि टाकून दिला गेला. कायद्याच्या अर्थाने तो अरण्य झाला तो बारकाईने मोजला गेल्यानंतर. त्यातही मोजणी कुठून कुठे झाली याला महत्त्व आहे. कागदावर रेघ ओढून ती जमिनीवर शोधायला निघणे वेगळे आणि जमिनीवर उभे राहून कागद भरणे वेगळे. पहिल्या रीतीने हा प्रदेश रिकामा केला, दुसऱ्या रीतीने त्याला अरण्याचा दर्जा मिळवून दिला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले इंग्रजी नकाशे पाहिले तर या जागी पर्वत जवळजवळ नाहीतच. पण जागा अगदी कोरीही नाही. सॅम्युएल हॉलंड यांच्या नावाचा, लंडनच्या टॉमस जेफरीज यांनी कोरलेला न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी प्रांतांचा नकाशा 1776 साली पुन्हा छापला गेला. त्यावर या भागावर ठसठशीत अक्षरांत कौक्साक्रागा अशा धर्तीचे स्थानिक नाव आहे. शेजारी खुलासा आहे की हा इरोक्वाय राष्ट्रसंघाचा बीव्हरच्या शिकारीचा मुलुख. बीव्हर म्हणजे ओढ्यांवर काटक्यांचे बांध घालणारा केसाळ प्राणी. त्याच्या कातड्यापासून युरोपातल्या टोप्या बनत आणि त्या काळच्या उत्तर अमेरिकेतले अर्धे राजकारण या टोप्यांपायी चाले. नकाशाकार एवढ्यावर थांबत नाही. या राष्ट्रांनी हा मुलुख 1701 साली अल्बनी येथे इंग्रजांच्या हवाली केला, अशी नोंदही तो तिथेच घालतो. म्हणजे डोंगर, नद्या, वाटा यांपैकी काही ठाऊक नाही, पण मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते तारखेसह ठाऊक आहे. भूगोलाच्या जागी खरेदीखत छापलेले आहे म्हणा ना.

त्याच वर्षी टॉमस पाउनाल यांनी उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचे भौगोलिक वर्णन प्रसिद्ध केले. पाउनाल हे मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, नकाशांचा व्यासंग असलेले गृहस्थ. या प्रदेशाविषयी आपल्याला काहीच माहिती मिळू शकली नाही, हे ते मोकळेपणाने सांगतात आणि पुढे एक फार मार्मिक शक्यता मांडतात. मूळ रहिवाशांची ही शिकारभूमी असूनही एक तर त्यांनाही ती फारशी माहीत नसावी, नाहीतर माहीत असूनही त्यांनी ती शहाणपणाने युरोपियनांपासून दडवून ठेवली असावी. अठराव्या शतकातल्या एका साम्राज्यवादी अधिकाऱ्याने केलेले हे विधान मला फार मोलाचे वाटते. नकाशावरचे कोरेपण म्हणजे माणसांचा अभाव, असे समीकरण त्याने मांडलेले नाही. न सांगणे हाही ज्ञान राखण्याचा एक प्रकार असतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. जिथे इंग्रजांच्या मोजणीच्या साखळ्या पोहोचल्या तिथे पुढे काय झाले ते इरोक्वाय संघातल्या मोहॉक लोकांनी आपल्या खोऱ्यात डोळ्यांनी पाहिले होते. मग उरलेल्या रानाची वाट ते का दाखवतील?

इथे आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. त्या डोंगरांच्या गाभ्यात कायमची गावे नव्हती, लोक हंगामापुरते येऊन जात, तेव्हा प्रदेश निर्जन म्हटला तर त्यात चूक काय? चूक अशी की हंगामी वहिवाट हीसुद्धा वहिवाटच असते. शिकारीच्या जागा, होडी एका तळ्यातून काढून खांद्यावरून दुसऱ्या तळ्यात नेण्याच्या वाटा, आडोशाचे तळ, या साऱ्यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या होते. मोहॉक आणि अबेनाकी या दोन्ही समाजांचा वावर इथे होता. 1826 साली लुइस इलायजा नावाच्या अबेनाकी तरुणाने डेव्हिड हेंडरसन या उद्योजकाला लोहखनिजाचा तुकडा दाखवला आणि डोंगरांतल्या खिंडीतून थेट त्या खाणीपर्यंत नेले. ज्या रानात नकाशाकाराला एक ओढाही काढता येत नव्हता, त्यात हा तरुण बिनचूक चालत गेला. (त्या खनिजात टायटॅनियम मिसळलेले निघाले, लोखंडाच्या कारखान्याला ते जाचक ठरले आणि 1858च्या आसपास कारखाना बसला. दुसऱ्या महायुद्धात त्याच टायटॅनियमसाठी खाण पुन्हा सुरू झाली, हा वेगळा गमतीचा इतिहास.) तेव्हा ‘अज्ञात’ हा शब्द वाचताना ‘कोणाला अज्ञात’ हे विचारले पाहिजे. पण माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे.

हॉलंड यांच्या नकाशावरचे ते मोठे नाव फार काळ टिकले नाही. क्लॉड जोसेफ सॉथिए यांचा न्यूयॉर्क प्रांताचा देखणा नकाशा 1779 साली लंडनमध्ये निघाला, आणि त्या सुमारास या प्रदेशावर तिरक्या चौकटींची जाळी पसरलेली दिसू लागते. ही टॉटन आणि क्रॉसफील्ड यांची खरेदी. जोसेफ टॉटन आणि स्टीफन क्रॉसफील्ड हे न्यूयॉर्क बंदरातले जहाजे बांधणारे सुतार. पण ती नावे केवळ पुढे केलेली. पडद्यामागचे खरे खरेदीदार जेसप बंधू. 1772 साली मोहॉक प्रमुखांकडून त्यांनी लाखो एकरांचा हा पट्टा घेतला आणि त्याचे पन्नास गट पाडले. गट पाडले ते कागदावर. हद्दींची प्रत्यक्ष मोजणी त्या वर्षी सुरू झाली आणि अर्धवट राहिली. डोंगर कुठे, तळे कुठे, दलदल कुठे, याचा पत्ता नसताना गट क्रमांक मात्र ठरले. पुढे स्वातंत्र्ययुद्ध झाले, जेसप राजनिष्ठ म्हणून परागंदा झाले, जमीन नव्या राज्याकडे आली आणि राज्याने ती पुन्हा विकायला काढली. 1791 साली अलेक्झांडर मॅकॉम्ब या सट्टेबाजाने उत्तरेकडचा 36 लाख एकरांहून मोठा प्रदेश एकरी आठ पेन्सच्या भावाने उचलला. पाहिलेले काही नाही, मोजलेले काही नाही, आणि सौदा छत्तीस लाख एकरांचा!

अशा नकाशाला चुकीचा म्हणणे सोपे आहे, पण त्याने नेमके काय काम केले ते पाहिले पाहिजे. चौकटींच्या जाळीने सगळी जमीन एकसारखी केली. सुळक्यावरचा गट आणि खोऱ्यातला गट कागदावर सारखाच, लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये बसून विकता येण्याजोगा. आधीच्या नकाशावर शिकारीचा मुलुख म्हणून निदान कोणाचे तरी नाव होते. आता त्याजागी मालाची यादी आली. लक्षात घ्या, हॉलंडच्या नकाशापेक्षा जाळीचा नकाशा अधिक माहितीचा वाटतो, रेघा जास्त, आकडे जास्त. पण प्रत्यक्ष जमिनीविषयी त्यात तसूभरही भर पडलेली नाही. रिकामेपणा इथे तयार झाला आहे, आणि तो अज्ञानातून तयार झालेला नाही. तो विक्रीच्या सोयीतून आला आहे.

त्या सोयीची किंमत पुढच्या शंभर वर्षांत वसूल झाली. मालक दूर, हद्दी धूसर, राखण कोणाचीच नाही. लाकूड कंपन्यांनी गट घ्यायचा, पाइन आणि स्प्रूसची झाडे उतरवायची, ओंडके नदीत सोडायचे आणि सारा थकवून जमीन वाऱ्यावर सोडून द्यायची, असा धंदा सुरू झाला. थकबाकीपोटी लिलावात कोणी बोली लावली नाही की गट सरकारजमा होई, आणि सरकारही तो पुन्हा विकायला काढी. त्यातच गट नेमका कुठे आहे हे कोणालाच नक्की माहीत नसल्यामुळे शेजारच्या गटातली झाडे तोडणे हा उघड गुपिताचा प्रकार होता. रान चोरायला सर्वांत सोयीचा नकाशा कोणता, तर ज्यात हद्दी आहेत पण जमिनीवर खुणा नाहीत असा.

1837 साली राज्याच्या भूगर्भ-पाहणीतले एबेनेझर एमन्स यांनी मार्सी शिखर सर केले. नोंद असलेली ही पहिली चढाई, 5 ऑगस्टची. शिखराला त्यांनी तत्कालीन गव्हर्नरचे नाव दिले, वायुदाबमापकाने उंची मोजली आणि ती शंभराहून अधिक फुटांनी जास्त भरली. तोवर राज्यातला सर्वांत उंच डोंगर दक्षिणेकडच्या कॅट्सकिल रांगेत आहे असा लोकांचा समज होता. पुढच्या वर्षी एमन्स यांनी या डोंगरसमूहाला ॲडिरॉन्डॅक हे नाव सुचवले आणि ते रूढ झाले. एवढे होऊनही नकाशांवर डोंगर ठिपक्यांसारखे आले, गटांची जाळी जशी होती तशी राहिली.

ते चित्र बदलले व्हरप्लँक कॉल्विन यांनी. अल्बनीतल्या एका वकिलाचा हा मुलगा, जन्म 1847चा. 1870 साली सिवर्ड शिखरावर चढून त्याने त्याचा अहवाल राज्याला सादर केला. हडसनच्या पाण्याचे आणि कालव्यांचे भवितव्य या जंगलावर अवलंबून आहे, म्हणून हा प्रदेश राखला पाहिजे असे त्याने त्यात लिहिले. पंचविसाव्या वर्षी तो ॲडिरॉन्डॅक सर्वेक्षणाचा अधीक्षक झाला. राज्याने पहिल्या वर्षासाठी मंजूर केलेली रक्कम एक हजार डॉलर! त्याच 1872 साली मार्सीच्या कुशीत सुमारे 4300 फुटांवरचे एक लहानसे तळे त्याने गाठले. त्याचे पाणी सेंट लॉरेन्स नदीच्या बाजूला न जाता हडसनकडे वाहते हे त्याने निश्चित केले. लेक टिअर ऑफ द क्लाउड्स, म्हणजे ढगांचे आसू, हे थोडे भावविवश नाव कॉल्विनचेच. त्याच्या अहवालांची भाषाही तशीच आहे. सरकारी अहवालात वादळे, रात्री, गारठा यांची पानेच्या पाने. आमदारांना ते वाचायला आवडे, हिशेब तपासणाऱ्यांना आवडत नसे.

पण भाषेच्या आड त्याची पद्धत झाकली जाऊ नये. कॉल्विनने त्रिकोणमापन वापरले, जे आपल्याकडे लॅम्टनने 1802 साली मद्रासजवळ सुरू केले होते आणि त्याच्या मागून आलेल्यांनी हिमालयापर्यंत नेले होते. एक बाजू अचूक मोजायची आणि तिथून कोन घेत शिखरामागून शिखर बांधून घ्यायचे. त्यासाठी शिखरावरून शिखर दिसले पाहिजे. रानाने झाकलेल्या माथ्यांवरची झाडे त्याच्या माणसांनी तोडली, मनोरे उभे केले, आणि वाऱ्याने फिरत उन्हात चमकणाऱ्या पत्र्यांचे संकेतयंत्र कॉल्विनने स्वतः तयार केले. जंगल वाचवायला निघालेल्या मोजणीने पहिली कुऱ्हाड डोंगरमाथ्यांवर चालवली, ही विसंगती नोंदवून पुढे जाऊ. शिखरांवर त्याने धातूचे क्रमांकित खिळे ठोकले. त्यातले काही आजही गिर्यारोहकांना सापडतात. 1875 साली शॅम्प्लेन सरोवरापासून टप्प्याटप्प्याने पातळी मोजत मार्सीचा माथा गाठला गेला आणि 5344 फूट हा आकडा पक्का झाला.

माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे काम मात्र शिखरांवर झाले नाही. 1883 साली विधिमंडळाने त्याच्याकडे सरकारी जमिनींच्या मोजणीचेही काम दिले. म्हणजे टॉटन आणि क्रॉसफील्ड यांच्या कागदी रेघा आता प्रत्यक्ष शोधायच्या होत्या. जुन्या मोजणीदारांनी हद्दीवरच्या झाडांवर कुऱ्हाडीने खाचा केलेल्या असत. साल वाढत जाऊन खाच आत गाडली जाते. तेव्हा खुणेचे झाड सापडले की त्याचा ठोकळा काढायचा, खाचेवर चढलेली वलये मोजायची, आणि ती मोजणीच्या सालाशी जुळली तर हद्द खरी. शंभर वर्षांपूर्वी कागदावर ओढलेल्या रेघेची साक्ष झाडाच्या लाकडातून काढण्याचा हा खटाटोप होता. आपल्याकडच्या भूमी-अभिलेख कार्यालयात बांधाच्या दगडावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यातला चिवटपणा कळेल.

आणि हे काम नेमके त्याच वेळी का आले? 1872-73च्या राज्य उद्यान आयोगाने हिशेब केला तेव्हा या प्रदेशात राज्याच्या मालकीची जमीन जेमतेम 40 हजार एकर असल्याचे दिसले. कॉल्विन त्या आयोगाचा सचिव होता. पुढच्या बारा वर्षांत सारा थकून सरकारजमा झालेल्या गटांची भर पडत पडत ती सात लाख एकरांच्या जवळ पोहोचली. ही सारी तोडून टाकलेली, कोणाला नकोशी झालेली जमीन. 15 मे 1885च्या कायद्याने ती वनराखीव ठरली आणि कायम रान म्हणून ठेवायची असे ठरले. 1892 साली ॲडिरॉन्डॅक पार्क स्थापन झाले आणि नकाशावर निळ्या शाईने सुमारे 28 लाख एकरांभोवती हद्द ओढली गेली. आजही ती निळी रेघ याच नावाने ओळखली जाते. पण 1893 साली राखीव जमिनीवरची झाडे विकायला परवानगी देणारा कायदा आला. तेव्हा साध्या कायद्यावर विसंबता येत नाही हे उघड झाले, आणि 1894च्या घटना परिषदेत संरक्षणाचे कलम थेट राज्याच्या घटनेत घालण्यात आले. ठराव 122 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. 1 जानेवारी 1895पासून तो लागू झाला. आता ती जमीन विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, तिच्यावरचे झाड काढता येत नाही. व्हाइटफेस शिखरावर एक रस्ता करायचा होता तर 1927 साली राज्यभरच्या मतदारांकडून घटनादुरुस्ती करून घ्यावी लागली.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. या संरक्षणाचे खरे कारण पाणी होते, नकाशा नव्हे, असे कोणीही इतिहासकार म्हणेल. जॉर्ज पर्किन्स मार्श यांचे निसर्गावरील मानवी परिणामांविषयीचे पुस्तक 1864 सालचे. जंगल गेले की पाणलोट सुकतो ही धास्ती त्यानंतर सर्वत्र पसरली. ईरी कालव्यात पाणी राहणार नाही या भयाने न्यूयॉर्कचे व्यापारी संरक्षणाच्या बाजूने उभे राहिले. हे सगळे मला मान्य आहे. पण पाण्याची धास्ती 1864पासून होती आणि पहिला कायदा आला 1885 साली. मधली एकवीस वर्षे धास्तीला धरायला जागा नव्हती. कोणती जमीन राखायची, ती कुठे सुरू होते, कोणाची आहे, अमुक ओढा अमुक नदीला मिळतो याचा पुरावा काय, या प्रश्नांना उत्तरे नसताना कायदा कशावर करणार? भय हे कारण होते, हे खरेच. परंतु भयाला गट क्रमांक मिळाल्यावाचून त्याचे कलम होत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या विधानावरच उलटणारा आहे. मोजणीनेच तर ही जमीन विकायला काढली, मग मोजणीला संरक्षणाचे श्रेय कसे? याचे उत्तर मी सुरुवातीला सूचित केले होते. 1772ची मोजणी कागदावरून जमिनीकडे निघाली होती आणि वाटेतच थांबली. तिला जमिनीचे वेगळेपण पुसायचे होते, म्हणून तळे आडवे आले तरी रेघ सरळच जायची. कॉल्विनची मोजणी जमिनीवरून कागदाकडे आली. पाणी कुठून कुठे वाहते, माथा किती उंच, खाच कोणत्या सालची, हे विचारल्याशिवाय तिची रेघ पुढे सरकत नव्हती. अर्थात अचूकतेत दया नसते. अचूक नकाशा वखारवाल्यालाही तितकाच उपयोगी, आणि कॉल्विनचे अहवाल वाचून सहलींसाठी, शिकारीसाठी, खासगी जंगलखरेदीसाठी पुष्कळ श्रीमंत लोक आले. तरीही फरक उरतो. कोण किती तोडतो हे पहिल्या नकाशावरून सिद्ध करता येत नव्हते, दुसऱ्यावरून करता येऊ लागले. तोही नकाशा पूर्ण झाला नाही, हे सांगायला हवे. 1900 साली, थिओडोर रूझवेल्ट गव्हर्नर असताना, कॉल्विनचे पदच मोडीत निघाले. त्याचा तो मोठा, सगळ्या प्रदेशाचा एकत्र नकाशा कधी छापलाच गेला नाही.

काही विचारवंत इथून एक उडी मारतात. अरण्य हे जर मोजणी आणि कायदा यांतून घडलेले असेल, तर ते कृत्रिम, म्हणून खोटे, म्हणून त्याचे रक्षण हे ढोंग. ही उडी मला मुळीच मान्य नाही. मार्सीची उंची एमन्सने चुकीची लिहिली म्हणून शिखर वाढले नाही आणि कॉल्विनने दुरुस्त केली म्हणून ते खचले नाही. नकाशा डोंगर निर्माण करत नाही, पण डोंगराशी आपण कसे वागायचे याची व्यवस्था निर्माण करतो, आणि व्यवस्था घडवलेली आहे म्हणून खोटी ठरत नाही. न्यायालयही घडवलेलेच असते. या बाबतीतले एक मजेदार उदाहरण सांगतो. रॉबर्ट आणि जॉर्ज मार्शल या भावांनी हर्ब क्लार्क या वाटाड्यासह 1925पर्यंत ॲडिरॉन्डॅकमधली चार हजार फुटांवरची सारी 46 शिखरे सर केली. (त्यांचे वडील लुई मार्शल 1894च्या घटना परिषदेत प्रतिनिधी होते, आणि रॉबर्ट पुढे वाइल्डरनेस सोसायटीचा एक संस्थापक झाला.) ही यादी त्या काळच्या सरकारी नकाशांवरून केलेली. नंतरच्या मोजणीत त्यातली चार शिखरे चार हजारांपेक्षा कमी भरली. एकाची उंची तर 3820 फूट. योगायोग असा की त्याचे नाव काउचसाक्रागा, म्हणजे अठराव्या शतकातल्या नकाशांवर साऱ्या प्रदेशाला दिलेले तेच नाव. गिर्यारोहकांनी यादी बदलली नाही. ते आजही ती बुटकी शिखरे चढतात. नकाशा चुकला आणि त्या चुकीतून एक चांगली परंपरा तयार झाली. यात खोटे काय आहे?

चुकीचे सर्वच वारसे इतके निरुपद्रवी नसतात. रॅकेट सरोवराभोवतीचा गट क्रमांक 40 हा टॉटन-क्रॉसफील्ड जाळीतला एक गट. तिथल्या जमिनींच्या मालकीबद्दल राज्य आणि रहिवासी यांच्यात दीडशेहून अधिक वर्षे वाद चालला, आणि हक्क वादात सापडलेल्या मालमत्ताधारकांची संख्या दोनशेच्या वर होती. वनराखीव जमीन हस्तांतरित करायला घटनेची मनाई, म्हणून तडजोड करायची तरी घटनाच दुरुस्त करावी लागणार. नोव्हेंबर 2013मध्ये राज्यभरच्या मतदारांनी कौल दिला तेव्हा कुठे मार्ग निघाला. 1772चा कागद 2013च्या मतपत्रिकेवर पोहोचला.

ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचे काय झाले, हा प्रश्न याहून अवघड. हद्दी पक्क्या होताच रानात खोपटी बांधून राहिलेले, लाकूडफाटा आणि शिकारीवर जगणारे गोरगरीब अतिक्रमणदार ठरले आणि अनेकांना निघावे लागले. आपल्याकडच्या 1878च्या वन कायद्याची मी तरफदारी करणार नाही. पण जंगल राखीव करण्यापूर्वी लोकांचे हक्क तपासणारा अधिकारी त्याने निदान कागदावर तरी नेमला होता. न्यूयॉर्कने तशी तजवीज केली नाही. मुळात त्यांचा तर्क असा होता की ही जमीन राज्याची, तेव्हा तपासायचे काय? हा तर्क अगदी पहिल्या नकाशावरच्या त्या 1701च्या नोंदीवर उभा आहे, हे आपल्या लक्षात आले असेल.

ती नोंद 1974 साली पुन्हा न्यायालयाच्या दारात आली. मोहॉक लोकांच्या एका गटाने मॉस लेक या तळ्याकाठची, राज्याने नुकतीच विकत घेतलेली 612 एकरांची जुनी शिबिराची जागा ताब्यात घेतली आणि ही आपली भूमी असल्याचे जाहीर केले. राज्याने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. जमीन वनराखीव असल्यामुळे ती कोणाला देता येत नाही, भाड्यानेही नाही, असे घटनेचे बंधन होते. म्हणजे वखारवाल्यांना अडवण्यासाठी 1894 साली घातलेले कलम इथे मोहॉकांच्या आड आले. तीन वर्षे बोलणी चालली. 1977 साली मारिओ कुओमो यांनी राज्याच्या वतीने तडजोड घडवली आणि मोहॉक मॉस लेक सोडून ईशान्येला अल्टोना येथे गेले. ती वस्ती गानिएन्के या नावाने आजही आहे. पार्कच्या सरकारी जमिनींचा 1972चा जो वर्गीकरण-नकाशा आहे, त्यात कडक संरक्षणाचे रान, होड्यांसाठीचे रान, सौम्य वापराचे रान, वर्दळीच्या जागा असे वेगवेगळे रंग आहेत. शिकारीच्या मुलुखासाठी त्यात रंग नाही. तो रंग भरायचा असेल तर पुन्हा मोजणी लागेल, आणि या खेपेला ज्यांनी वाटा दडवून ठेवल्या त्यांच्या वंशजांना विचारून करावी लागेल.